डिस्क ‘बिझी’ म्हणते तेव्हा: लिनक्सवर अनमाउंट करण्याचा बरोबर क्रम

वागळे इस्टेटमधल्या बऱ्याच छोट्या ऑफिसांत हीच मांडणी दिसते. कोपऱ्यात उबुंटूचा एक सर्व्हर, त्याला यूएसबीने जोडलेली बॅकअपची हार्डडिस्क आणि शनिवारी ती डिस्क बॅगेत घालून ट्रान्सहार्बर लोकलने रबाळ्याच्या शाखेत नेऊन ठेवणारा कोणीतरी. बॅकअप सहसा नीट होतो. घोळ होतो तो डिस्क काढताना. ‘टार्गेट इज बिझी’ असं उत्तर आलं की कोणी सरळ केबल ओढतो, कोणी अनमाउंटच्या कमांडीला नेटवर वाचलेला ‘-एल’ हा ऑप्शन लावून मोकळा होतो. सोमवारी रबाळ्याहून फोन येतो की शुक्रवारच्या फाइली उघडतच नाहीत.

हे टाळायला क्रम पाळावा लागतो, आणि क्रम पाळायचा तर एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. डिस्क एखाद्या फोल्डराला जोडून तिच्या फाइली तिथे दिसू देणं म्हणजे माउंट, ती सोडवणं म्हणजे अनमाउंट. अनमाउंट करताना कर्नल (लिनक्सचा गाभा) दोन वेगळी कामं करतो. एक, फोल्डरांच्या झाडातून त्या डिस्ककडे जाणारी वाट तोडतो. दोन, फाइलसिस्टीम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) कोणीच वापरत नाही अशी खात्री झाल्यावर उरलेला डेटा डिस्कवर लिहून ती बंद करतो. एरवी दोन्ही एका दमात होतात, म्हणून आपल्याला ती एकच वाटतात. पण वाट तुटली आणि फाइलसिस्टीम आत जिवंतच राहिली, असंही होऊ शकतं. खालचे बरेचसे इशारे याच फटीबद्दल आहेत.

लिहिण्याबद्दल एकच सूचना: कमांडी इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा. अनमाउंटच्या कमांडीचं नाव ‘यूमाउंट’ आहे, त्यात ‘अन’ नाही. ऑप्शनचं अक्षर मोठ्या लिपीतलं असेल तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी लहान लिपीतली. उदाहरणात डिस्कचं पार्टिशन (विभाग) `/डेव्ह/एसडीबी१` आणि माउंट पॉइंट (ते जोडलेला फोल्डर) `/एमएनटी/बॅकअप` धरला आहे.

## १. आधी ओळख पटवा: कोणती डिस्क, कुठे कुठे लागली आहे

`एलएसबीएलके -एफ`
`फाइंडएमएनटी /डेव्ह/एसडीबी१`

पहिल्या कमांडीत डिस्क, पार्टिशन, लेबल आणि यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा स्वतःचा ओळख-क्रमांक) दिसतात. दुसरीत ते पार्टिशन ज्या ज्या जागी माउंट आहे त्या सगळ्या जागा दिसतात. ‘एसडीबी’ या नावावर विसंबू नका. कालची ‘एसडीबी’ आज ‘एसडीसी’ असू शकते, विशेषतः मध्ये लाइट जाऊन आली असेल किंवा कोणी पेनड्राइव्ह लावला असेल तर. डिस्कला लेबल द्या आणि तेच लेबल स्टिकरवर लिहून डिस्कच्या पाठीवर चिकटवा.

दुसऱ्या कमांडीत एकापेक्षा जास्त ओळी आल्या तर थांबा. त्याची कारणं दोन असतात. एकतर कोणीतरी बाइंड माउंट करून तीच डिस्क दुसऱ्या फोल्डरातही दाखवली आहे. नाहीतर एकाच फोल्डरवर ती दोनदा माउंट झाली आहे: एकदा बूट होताना एफस्टॅबमधून (काय कुठे माउंट करायचं त्याची फाइल) आणि एकदा कोणाच्या तरी स्क्रिप्टमधून. दुसऱ्या प्रकारात एकदा अनमाउंट केल्यावर वरचा थर जातो आणि खालचा तसाच राहतो. कमांड बिनतक्रार चालते, म्हणून माणूस डिस्क उपटतो.

तपासा: किती ठिकाणी माउंट आहे तो आकडा लक्षात ठेवा. तेवढे सगळे माउंट सुटले की मगच काम झालं.

## २. लिहिणाऱ्यांना थांबवा

अनमाउंटची कमांड द्यायच्या आधी डिस्कवर लिहिणारं सगळं शांत करायचं. बहुतेक लोक हे उलटं करतात: आधी कमांड, मग ‘बिझी’, मग शोधाशोध.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) बॅकअपची वेळ कोणती आहे ते बघा. दुपारी एकचा बॅकअप असेल आणि तुम्ही एकला पाच मिनिटं असताना डिस्क काढायला बसलात, तर अर्ध्यातच नवा आरसिंक (बॅकअपची कॉपी करणारा प्रोग्राम) सुरू होतो. डिस्कवर साम्बाचं शेअर (ऑफिसातल्या पीसींना नेटवर्कवरून दिलेला फोल्डर) ठेवलं असेल तर ‘एसएमबीस्टेटस’ चालवा, म्हणजे कोणत्या पीसीवरून कोणती फाइल उघडी आहे ते कळेल. अकाउंट्सच्या पीसीवर हिशेबाचं सॉफ्टवेअर सकाळपासून उघडं असतं आणि ताई जेवायला गेलेल्या असतात, हा रोजचा प्रकार आहे. त्यांच्या नकळत शेअर बंद करू नका. फोन करा, फाइल सेव्ह करून बाहेर पडायला सांगा, मग सर्व्हिस बंद करा.

ऑटोमाउंट वापरत असाल तर एक पायरी वाढते. एफस्टॅबच्या ओळीत ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ लिहिलं असेल, तर तुम्ही अनमाउंट केल्यानंतर कोणीही त्या फोल्डराला हात लावला की डिस्क आपोआप परत माउंट होते. हात लावणारा एखादा मॉनिटरिंगचा स्क्रिप्टसुद्धा असू शकतो. अशा वेळी पायरी ५ मधल्या ‘फ्यूजर’ने आधी कोणी नाही याची खात्री करा आणि मग सिस्टमडीची (बूट आणि सर्व्हिसा सांभाळणारा प्रोग्राम) ही दोन्ही युनिट एकाच कमांडीत थांबवा:

`सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप एमएनटी-बॅकअप.ऑटोमाउंट एमएनटी-बॅकअप.माउंट`

## ३. रॅममध्ये अडकलेला डेटा डिस्कवर उतरू द्या

कॉपीची कमांड संपली आणि प्रॉम्प्ट परत आला म्हणजे डेटा डिस्कवर गेला, असं नाही. लिनक्स लिहायचा डेटा आधी रॅममध्ये घेतो आणि मागून सवडीने डिस्कवर उतरवतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये मोकळ्या होऊ शकणाऱ्या रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत असा न उतरलेला डेटा साठू शकतो. सोळा जीबी रॅमच्या मशीनवर तो सहज दोन-तीन जीबी होतो. समोरचा पेनड्राइव्ह सेकंदाला दहा एमबी वेगाने लिहीत असेल, तर तीन जीबी उतरायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत स्क्रीनवर काहीच हलत नाही.

दुसरं टर्मिनल उघडून हे चालू ठेवा:

`वॉच -एन १ "ग्रेप -ई डर्टी -ई राइटबॅक /प्रॉक/मेमइन्फो"`

(‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ यांचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत.) ‘डर्टी’चा आकडा म्हणजे अजून लिहायचा बाकी डेटा, ‘राइटबॅक’ म्हणजे आत्ता लिहिला जात असलेला. मग पहिल्या टर्मिनलवर:

`सिंक -एफ /एमएनटी/बॅकअप`

नुसतं ‘सिंक’ दिलं तर मशीनवरच्या सगळ्या डिस्का उतरवायला घेतो. ‘-एफ’ दिल्यावर फक्त ही एक. कमांड परत येईपर्यंत थांबा. आकडा शून्यावर यायलाच हवा असं नाही, कारण सर्व्हरच्या मूळ डिस्कवर काही ना काही लिहिणं चालूच असतं. तो शेकडो एमबीवरून काहीशे केबीवर आला की पुरे.

हे न करता थेट अनमाउंट केलं तरी डेटा जात नाही, कारण अनमाउंट स्वतःच सगळं लिहून घेतल्याशिवाय परत येत नाही. मग वेगळं सिंक कशाला? कारण इथे थांबलेला माणूस आकडा उतरताना बघतो आणि शांत राहतो. अनमाउंटवर चार मिनिटं थांबलेला माणूस ‘हँग झालं’ म्हणून केबल ओढतो.

## ४. स्वतः बाहेर या आणि कमांड द्या

`सीडी /`
`सुडो यूमाउंट /एमएनटी/बॅकअप`

‘बिझी’ येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तुम्ही स्वतः असता. शेल (टर्मिनलवर कमांडी घेणारा प्रोग्राम) ज्या फोल्डरात उभा आहे तो फोल्डर वापरात धरला जातो, फाइल एकही उघडी नसली तरी. यातली एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुम्ही बॅकअपच्या फोल्डरात असताना ‘सुडो -एस’ करून रूट (सगळे अधिकार असलेला युजर) झालात आणि मग ‘सीडी /’ केलंत, तर फक्त आतला शेल बाहेर आला. बाहेरचा, तुमच्या नावाचा शेल अजून तिथेच उभा आहे. रूटमधून ‘एक्झिट’ करा, तिथेही ‘सीडी /’ करा, मग पुन्हा प्रयत्न करा. टीमक्स (एका टर्मिनलात अनेक खिडक्या उघडणारा प्रोग्राम) वापरत असाल तर मागच्या सगळ्या खिडक्या बघा.

कमांड काही न बोलता परत आली तर थेट पायरी ७ वर जा.

## ५. ‘बिझी’ आलं तर: कोण बसलंय ते विचारा

फोनवरचं बोलणं बहुतेकदा असं असतं:

‘सर, बिझी म्हणतंय. रीस्टार्ट मारू का?’
‘थांब जरा. कोण बसलंय ते बघितलंस का?’
‘कसं बघायचं?’

असं:

`सुडो फ्यूजर -व्हीएम /एमएनटी/बॅकअप`

सुडो विसरू नका. त्याच्याशिवाय दुसऱ्या युजरच्या प्रोसेस (चालू प्रोग्राम) नीट दिसत नाहीत, यादी रिकामी येते आणि ‘कोणीच नाही, तरी बिझी’ अशी चुकीची समजूत होते. उत्तर साधारण असं येतं (आरसिंकच्या ओळीतला ‘एफ’ मोठ्या लिपीतला):

`रूट      कर्नल  माउंट  /एमएनटी/बॅकअप`
`अकाउंट्स   ४३१२   ..सी..   बॅश`
`रूट      ५१२०   एफ.सी..  आरसिंक`

पहिल्या ओळीने घाबरू नका. ‘कर्नल माउंट’ म्हणजे तो माउंट स्वतःच, ती ओळ नेहमीच येते. कर्नलला मारायची कमांड शोधत बसलेले लोक असतात, म्हणून सांगितलं.

खरी माहिती पाच खुणांच्या रकान्यात असते. लहान ‘एफ’ म्हणजे फाइल उघडी आहे. मोठ्या लिपीतला ‘एफ’ म्हणजे ती लिहिण्यासाठी उघडी आहे. ‘सी’ म्हणजे प्रोसेस त्या फोल्डरात उभी आहे. ‘ई’ म्हणजे त्या डिस्कवरचाच प्रोग्राम चालू आहे, ‘एम’ म्हणजे फाइल मेमरीत मॅप केली आहे, आणि ‘आर’ म्हणजे त्या प्रोसेसचा रूट फोल्डरच या डिस्कवर आहे.

मग प्रत्येकाला त्याच्या खुणेप्रमाणे हाताळायचं. नुसता ‘सी’ असलेला बॅश (म्हणजे शेल) बिनधास्त बंद करा, त्यात बुडण्यासारखं काही नाही. लहान ‘एफ’ म्हणजे वाचणारा: त्याला बाहेर पडायला सांगा, नाहीच ऐकलं तर मारा. मोठा ‘एफ’ दिसला तर हात आवरा. ते काम पूर्ण होऊ द्या किंवा ते ज्या सर्व्हिसचं आहे ती सर्व्हिस तिच्याच कमांडीने बंद करा. डेटाबेस असेल तर तर नक्कीच.

मारायचीच वेळ आली तर आधी साधा ‘किल’ द्या, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग पुन्हा ‘फ्यूजर’ चालवून बघा. ‘किल -९’ शेवटी. त्याने प्रोसेसला आवराआवर करायला वेळच मिळत नाही.

इशारा: ‘फ्यूजर -केएम’ ही कमांड नेटवर सर्रास सुचवलेली दिसते. ती यादीतल्या सगळ्यांना एकदम ‘किल -९’ देते. आणि समजा `/एमएनटी/बॅकअप` वर त्या क्षणी डिस्क माउंटच नसेल, तर तो फोल्डर सर्व्हरच्या मूळ डिस्कवरचा एक साधा फोल्डर ठरतो. ‘-एम’चा अर्थ ‘या फाइलसिस्टीमवरचे सगळे’ असा असल्यामुळे मूळ डिस्क वापरणाऱ्या सगळ्या प्रोसेस मरतात, तुमच्या एसएसएचसकट (दुरून जोडलेल्या टर्मिनलसकट). यावर उपाय त्याच कमांडीत आहे. मोठ्या लिपीतला ‘-एम’ जोडला की दिलेला फोल्डर खरोखर माउंट पॉइंट असेल तरच फ्यूजर काम करतो. लहान ‘-आय’ जोडला तर प्रत्येक प्रोसेस मारण्याआधी विचारतो. हे दोन्ही नसतील तर ‘-के’ला हात लावू नका.

### यादीत कोणी नाही, तरी बिझी

हे खरंच होतं. प्रोसेसऐवजी कर्नलनेच डिस्क धरून ठेवली असली की ती प्रोसेसच्या यादीत दिसत नाही. या क्रमाने बघा:

डिस्कच्या आत अजून काही माउंट आहे का: `फाइंडएमएनटी -आर /एमएनटी/बॅकअप` (आर मोठ्या लिपीत). असेल तर आधी आतलं काढायचं, मग बाहेरचं. `यूमाउंट -आर` (इथेही आर मोठा) हे आपणहून आतून बाहेर करतो, पण यादी बघितल्याशिवाय तो वापरू नका.

डिस्कवरची एखादी आयएसओ किंवा व्हर्च्युअल मशीनची इमेज लूप डिव्हाइस म्हणून (फाइललाच डिस्क मानून) जोडली आहे का: `लूसेटअप -ए`. या कमांडीच्या नावात ‘एल’नंतर एकच ‘ओ’ आहे.

डिस्कवर स्वॉप फाइल (रॅम कमी पडल्यावर वापरायची जागा) आहे का: `स्वॉपऑन --शो`. असेल तर `स्वॉपऑफ` करा. रॅम कमी असेल तर त्याला वेळ लागतो.

डिस्कवरचा फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याची पद्धत) दुसऱ्या मशीनला दिला आहे का: `सुडो एक्सपोर्टएफएस -व्ही`. असेल तर आधी तो एक्सपोर्ट काढा.

यातलं काहीच नसेल तर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा. फाइलींची सूची करणारं किंवा व्हायरस शोधणारं काहीतरी फेरी मारून गेलेलं असतं.

## ६. ‘-एल’ आणि ‘-एफ’: काय करतात आणि काय करत नाहीत

‘यूमाउंट -एल’ने बिझी असलेली डिस्क लगेच ‘सुटते’, म्हणून तो लोकप्रिय आहे. प्रत्यक्षात तो सुरुवातीला सांगितलेल्या दोन कामांपैकी फक्त पहिलं करतो. वाट तोडतो, दुसरं काम ‘सगळे बाहेर पडले की करू’ म्हणून मागे ठेवतो. दुकानाची पाटी उतरवली, पण गिऱ्हाईक आणि नोकर आतच आहेत, असा प्रकार. आरसिंक त्या डिस्कवर लिहीतच राहतो. ‘फाइंडएमएनटी’त मात्र काही दिसत नाही, फोल्डर रिकामा दिसतो, आणि तुम्ही डिस्क काढता.

याहून वाईट म्हणजे आता दोषी शोधणंही अवघड होतं, कारण ज्या नावाने विचारायचं ती वाटच राहिलेली नाही. म्हणून काढायच्या डिस्कवर ‘-एल’ नको. तो कामाचा आहे तो डिस्क किंवा सर्व्हर आधीच गेलेला असेल तेव्हा, म्हणजे वाचवण्यासारखं काही उरलेलं नसताना.

‘-एफ’बद्दलचा गैरसमज वेगळा आहे. ‘फोर्स’ म्हणजे कशालाही जुमानणार नाही, असं लोकांना वाटतं. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस (लिनक्सच्या फाइलसिस्टीमचे प्रकार) असलेल्या स्थानिक डिस्कवर तो बिझीपणा मोडत नाही. तो मुख्यतः एनएफएससारख्या नेटवर्क फाइलसिस्टीमचा सर्व्हर पोचेनासा झाला असेल तेव्हासाठी आहे.

ते दृश्यही ओळखीचं आहे. महाप्यातल्या ऑफिसाचा फाइल सर्व्हर वागळेतून एनएफएसने माउंट केलेला असतो, पावसात मधली लाइन जाते, आणि इकडच्या मशीनवर ‘डीएफ’ (डिस्कांची जागा दाखवणारी कमांड) दिलं की टर्मिनल गोठतं. एनएफएसचा नेहमीचा ‘हार्ड’ माउंट सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघत राहतो, ते त्याचं काम आहे. अशा वेळी ‘डीएफ’ आणि ‘एलएस’ टाळा, कारण दोन्ही त्या फोल्डराला हात लावतात. ‘फाइंडएमएनटी’ कर्नलची यादी वाचतो, म्हणून तो गोठत नाही. पहिला उपाय लाइन पूर्ववत करणं: सर्व्हर आला की अडकलेल्या प्रोसेस जिथे होत्या तिथून पुढे चालू लागतात, काही बिघडत नाही. सर्व्हर आज येणारच नसेल तर ‘यूमाउंट -एफ’, आणि तेही अडकलं तर ‘यूमाउंट -एफ -एल’. लिहायचा राहिलेला डेटा त्यात गेला, हे मान्य करूनच.

## ७. खरंच सुटली का ते बघा

कमांड परत आली. आता तीन तपासण्या:

`फाइंडएमएनटी /डेव्ह/एसडीबी१`

काहीच उत्तर यायला नको. आलं तर पायरी १ मधला दुसरा माउंट राहिला आहे.

`एलएस /सिस/एफएस/ईएक्सटी४/`

ही तपासणी फारसं कोणी करत नाही, पण सगळ्यांत खरी हीच. फाइलसिस्टीम कर्नलच्या आत जिवंत असेपर्यंत इथे ‘एसडीबी१’ नावाचा फोल्डर दिसतो. ‘-एल’ने वाट तोडली असली तरी दिसतो. एक्सएफएस असेल तर `/सिस/एफएस/एक्सएफएस/` बघा. एन्क्रिप्शन किंवा एलव्हीएम (डिस्कांची जागा ग्रुप करून वाटणारा थर) असेल तर इथे ‘एसडीबी१’ऐवजी ‘डीएम-०’ असं काहीतरी नाव असतं.

माउंट कुठेच दिसत नाही, पण इथे नाव आहे? आणि ‘-एल’ तर वापरलेला नाही? मग बहुधा डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारी व्यवस्था). डॉकरमध्ये डिस्कचा फोल्डर कंटेनरला जोडून दिला असेल, तर कंटेनरच्या स्वतःच्या नेमस्पेसमध्ये (माउंटच्या वेगळ्या यादीत) त्या माउंटची प्रत तयार होते. तुम्ही होस्टवर अनमाउंट केल्याने ती प्रत नेहमीच्या सेटिंगमध्ये जात नाही. होस्टवरची कमांड मात्र बिनतक्रार यशस्वी होते. धरून ठेवणारा असा शोधा:

`सुडो ग्रेप -एल एसडीबी१ /प्रॉक/*/माउंटइन्फो`

उत्तरातला आकडा हा प्रोसेसचा क्रमांक (पीआयडी). तो कंटेनर थांबवा आणि वरची तपासणी पुन्हा करा.

तिसरी तपासणी डोळ्यांची: `एलएस -ए /एमएनटी/बॅकअप` (ए मोठ्या लिपीत). फोल्डर रिकामा असायला हवा. डिस्क नसतानाही तिथे फाइली दिसल्या, तर कधीतरी डिस्क माउंट नसताना बॅकअप चालला आणि त्याने सगळं सर्व्हरच्या मूळ डिस्कवर ओतलं. एरवी या फाइली माउंटच्या खाली झाकलेल्या राहतात. मूळ डिस्क भरत जाते आणि ‘डीयू’ने (फोल्डरांचा आकार मोजणारी कमांड) शोधूनही जागा कुठे गेली ते सापडत नाही. यावरचा उपाय पायरी ९ मध्ये.

## ८. खालचे थर, मग वीज

फाइलसिस्टीमच्या खाली अजून थर असतील तर ते वरून खाली या क्रमाने बंद करायचे. डिस्क लुक्सने एन्क्रिप्ट केलेली असेल तर `क्रिप्टसेटअप क्लोज` आणि मॅपिंगचं नाव. एलव्हीएम असेल तर `व्हीजीचेंज -एएन` आणि ग्रुपचं नाव. लुक्सच्या आत एलव्हीएम असेल तर आधी एलव्हीएम, मग लुक्स. या कमांडी फाइलसिस्टीम जिवंत असताना नकार देतात. तो नकार म्हणजे पायरी ७ची फुकटात मिळालेली दुसरी तपासणी समजा.

शेवटी:

`यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी`

इथे पार्टिशनचा आकडा नाही, पूर्ण डिस्कचं नाव. ही कमांड डिस्कच्या स्वतःच्या कॅशमधलं लिहून घेते आणि यूएसबीचा पोर्ट बंद करते. फिरणाऱ्या हार्डडिस्कचा आवाज उतरत जाऊन थांबतो. तो थांबल्यावर चार-पाच सेकंदांनी केबल काढा. नुसतं अनमाउंट करून फिरती डिस्क हातात घेऊन हलवणं डेटासाठी नाही, पण डिस्कच्या यंत्रासाठी वाईट.

इशारा: दोन डिस्कांचा एकच डॉक असेल तर एकीची वीज बंद करताना दुसरीही जाऊ शकते. आधी दोन्ही अनमाउंट करा. आणि पॉवर-ऑफ केलेली डिस्क परत हवी असेल तर केबल काढून पुन्हा लावावी लागते.

### केबल आधीच ओढली गेली असेल तर

घाईने परत लावू नका. जुना माउंट भुतासारखा तसाच असतो, त्यावर काही केलं की इनपुट-आउटपुट एरर येते. त्याला धरून बसलेल्या प्रोसेस बंद करा, मग ‘यूमाउंट’ करा. नाहीच गेला तर इथे ‘-एल’ रास्त आहे. त्यानंतर डिस्क लावा. ती बहुधा ‘एसडीसी’ म्हणून येईल. माउंट करण्याआधी `सुडो एफएससीके /डेव्ह/एसडीसी१` (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा. एक्सएफएस असेल तर एफएससीकेचा उपयोग नाही. ती एकदा माउंट करून अनमाउंट करा, म्हणजे लॉगमधलं राहिलेलं काम पूर्ण होतं.

ईएक्सटी४ला जर्नल (बदलांची नोंदवही) आहे, त्यामुळे फोल्डरांची रचना बहुतेक वेळा सावरते. पण रॅममध्येच राहिलेल्या फाइली जर्नल परत आणत नाही. एक्सफॅट या फाइलसिस्टीमला तर जर्नलच नाही, आणि बाजारातून आणलेल्या बऱ्याच डिस्का तशाच फॉरमॅट होऊन येतात. अर्धवट राहिलेला बॅकअप पुन्हा चालवा.

माउंट असलेल्या डिस्कवर एफएससीके कधीही चालवू नका. तो इशारा देईल, तुम्ही ‘वाय’ दाबाल आणि धडधाकट फाइलसिस्टीमसुद्धा मोडेल.

## ९. पुढच्या शनिवारची तयारी

दोन गोष्टी आत्ताच करून ठेवा, डिस्क निघालेली असताना. पहिली, रिकाम्या फोल्डराला कुलूप:

`सुडो सीएचअॅटर +आय /एमएनटी/बॅकअप`

यानंतर डिस्क माउंट नसताना रूटलाही त्या फोल्डरात फाइल बनवता येत नाही. डिस्क माउंट करायला मात्र अडथळा येत नाही, आणि माउंट झाल्यावर लिहिणं नेहमीसारखं चालतं. आत आधीच्या चुकलेल्या फाइली असतील तर कुलपाआधी त्या हलवा.

दुसरी, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये अगदी वर एक ओळ:

`माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप || एक्झिट १`

डिस्क नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

एफस्टॅबमधली ओळही बघून घ्या. डिस्क यूयूआयडी किंवा लेबलने लिहिलेली हवी आणि ऑप्शनमध्ये ‘नोफेल’ हवं. ‘नोफेल’ नसेल आणि डिस्क रबाळ्याला असताना वागळेत लाइट जाऊन आली, तर सर्व्हर बूट होताना त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. रविवारी दुपारी कीबोर्ड-मॉनिटर घेऊन ऑफिसात जावं लागतं ते यामुळे. एफस्टॅब बदलल्यावर `सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड` द्या. नाहीतर सिस्टमडी जुन्याच ओळीवर चालत राहतो, आणि तुम्ही हाताने माउंट केलेली डिस्क कधीकधी लगेच स्वतःच अनमाउंट करून टाकतो.

रबाळ्याला पोचल्यावर डिस्क कपाटात टाकण्याआधी तिथल्या मशीनवर फक्त वाचण्यासाठी माउंट करून (`माउंट -ओ आरओ`) शुक्रवारच्या दोन-तीन फाइली उघडून बघायला सांगा. काढताना तिथेही हाच क्रम.